सासऱ्यांची मासेमारीची जागा

सूनबाई नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात यंत्रं सांभाळायची. घरात मात्र या नोकरीचं नाव काढायची सोय नव्हती. कोणी विचारलंच, तर सासरे घसा खाकरून सांगत, "पाणी खात्यात आहे." कसलं पाणी, हे समोरच्याने विचारायच्या आत ते हवापाण्याच्या गप्पांवर येत.

सासरे शिंपी होते. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांनी गळ हातात घेतला होता. नदीवर त्यांची एक गुप्त जागा होती आणि तिथे असे मासे लागत, की शेजारच्या म्हाताऱ्यांच्या पोटात दुखायचं. जागा कुठली, हे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

सूनबाईला ती कधीचीच ठाऊक होती. शुद्ध केलेलं पाणी केंद्राच्या पाइपातून नदीत पडतं, त्याच्या जरा खालच्या अंगाला, झुडपाआड, सासऱ्यांची टोपी तिला तिथल्या गच्चीवरून रोज दिसायची. पण म्हाताऱ्याच्या आनंदावर विरजण कशाला घाला, म्हणून ती गप्प राहून मासे खायची.

एकदा मात्र सासरे ओळीने काही दिवस रिकाम्या हाताने परतले. जेवणावरही वासना नव्हती.

"मासे वर येऊन नुसते तोंड उघडतात," ते म्हणाले. "गळाकडे ढुंकून बघत नाहीत."

"बाबा, त्यांना श्वास पुरत नाहीये," सूनबाई म्हणाली. "आमचा हवा सोडणारा पंखा बंद पडलाय. टाकीतले जंतू घाण खातात, पण त्यांनाही हवा लागते. ती नाही, म्हणून पाणी अर्धंमुर्धंच साफ होऊन नदीत जातंय."

"तुमच्या पाण्याचा माझ्या जागेशी काय संबंध?"

"तुमची जागा आमच्या पाइपाखालीच आहे. झुडपाआड."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे आपण आजवर..."

"हो. आणि तुम्ही दर वेळी आणखी एक तुकडा मागून घेत होतात."

दुसऱ्या दिवशी सासरे नाकाला रुमाल लावून तिच्याबरोबर केंद्रावर गेले. एका टोकाला काळं पाणी आत येत होतं. जाळीत चिंध्या अडकल्या होत्या. त्या बघून शिंप्याचा जीव कळवळला. "चांगलं कापड आहे की. कोण फेकतं हे?" टाक्या बघत ते बंद पंख्यापाशी आले, तोवर रुमाल खिशात गेला होता.

"याचा पट्टा तुटलाय," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, येईल."

"कधी?"

"येईल, एवढंच म्हणतात."

दुसऱ्या सकाळी सासरे घडीची खुर्ची आणि गळ घेऊन थेट साहेबांच्या खोलीत जाऊन बसले. काय काम आहे, असं साहेबांनी विचारलं.

"काम काही नाही. मासे लागत नाहीत, तोवर इथे बसतो."

त्याच्या पुढच्या दिवशीही बसले. साहेबांचा चहा गार होईपर्यंत त्यांनी सदऱ्याच्या काजांचे प्रकार समजावून सांगितले. शेवटी साहेब स्वतः गाडी काढून पट्टा आणायला गेले.

टाकीत पुन्हा बुडबुडे आले. मासे परतायला बरेच दिवस लागले. तेवढ्या काळात सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. सासूबाई कढईतलं उरलेलं तेल मोरीत ओतायला गेल्या, की हे मागे हजर.

"ओतू नकोस. खाली सूनबाईला निस्तरावं लागतं."

"तुमच्यापेक्षा तेल बरं," सासूबाई म्हणायच्या, पण तेल डब्यात ओतायच्या.

मग एका दुपारी सासरे चांगला हातभर मासा घेऊन आले. सासूबाईंनी तो ओट्यावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून सुनेकडे बघितलं.

"खरं सांग, तू खाशील?"

"खाईन की. तिथलं पाणी मीच साफ करते, आई."

सासूबाईंनी तवा चढवला. तळून झाल्यावर पहिला तुकडा त्यांनी सुनेच्या ताटात वाढला आणि दोघं नवराबायको समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने सावकाश चावून गिळला.

"मीठ?" सासूबाईंनी विचारलं.

"बरोबर झालंय."

तेव्हा कुठे त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं.