काटा बिघडलेला नाही

मी वजनकाटा बोलतोय. उभं राहून वजन करायचा, गोल तबकडीचा, लोखंडी. मला बॅटरी लागत नाही, खुशामतही लागत नाही. माझ्यावर उभं राहा, मी आकडा दाखवतो. तो आवडला नाही तर उतरा. हुज्जत घालू नका.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्यावर एकामागून एक लोखंडी वजनं चढवली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. प्रत्येक वेळी वाकून बघितलं, मग पाठीवर शिक्का मारला. रंग उडाला, शिक्का अजून आहे.

पुढची तेवीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काढली. माणसांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला. वजन करताना कुणी पोट आत ओढतं, कुणी श्वास रोखतं, कुणी हळूच भिंतीला बोट टेकवतं. एक गृहस्थ दर वेळी सांगायचे, "खिशात किल्ल्या आहेत हां." किल्ल्या चार किलोच्या नसतात.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि मला या घरात देऊन टाकलं.

इथे चार माणसं राहतात. वयाने मोठी, पण शिकायला, समजायला, बोलायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागणारी. आईबाप गेले किंवा थकले, म्हणून ती इथे आली. प्रत्येकाला आपली खोली, आपली किल्ली, आपला कप. मदतीला पगारी माणसं. दाराशी पाटी आहे: 'हे घर त्यांचं आहे. आपण इथे कामाला येतो.' पाटी चांगली आहे. मी पाट्यांवर विश्वास ठेवत नाही.

मला स्वयंपाकघरासमोरच्या बोळात ठेवलं. तिथून जेवणाचं टेबल दिसायचं.

चौघांतल्या एकाला सगळे राजे म्हणतात. वय चव्वेचाळीस. हे नाव त्याच्या जेवण्यावरून पडलं. घास लहान घ्यायचा, नीट चावायचा, गिळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, मग पुढच्या घासाकडे बघायचं. चाळीस मिनिटं लागायची. त्याला गिळायला त्रास होतो. घाई केली की ठसका लागतो. पूर्वी ते कुणाला खुपत नव्हतं, कारण कामाच्या जागी न्यायला गाडी अडीचला यायची. चौघंही तिथे पाकिटं चिकटवायला जातात.

मग गाडी पावणेदोनला यायला लागली. जेवणाची वेळ मात्र होती तीच, सव्वाची.

दिवसभराच्या मदतनिसाला भाऊ म्हणतात. माणूस वाईट नाही. हसतो, गाणी लावतो, चौघांच्या दाढ्या नीट करतो. म्हणूनच मला त्याचा संशय आधी आला नाही, ही माझी चूक. दीड वाजला की तो फडकं घेऊन टेबलाशी उभा राहायचा.

"काय राजे, आज उठणार की दरबार चालूच? झालं ना?"

"झालं," राजे म्हणायचा.

ताट उचललं जायचं. अर्धं भरलेलं.

इथे एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. राजेला जे विचाराल त्याला तो हो म्हणतो. झालं ना? झालं. भूक लागली? लागली. भूक नाही ना? नाही. त्याला समोरच्याला नाराज करायचं नसतं. हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी भाऊ वहीत लिहायचा, 'जेवण झाले. स्वतः सांगितले.' आणि दर रविवारी बोळातल्या फोनवर राजेची थोरली बहीण विचारायची, "जेवलास ना?" हा म्हणायचा, "जेवलो, अक्का." अक्का दूर राहायची. सात-आठ महिन्यांनी यायची. तिचंही समाधान व्हायचं. मला तिचाही राग यायचा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन. राजे कायम अठ्ठावन्न. गाडीची वेळ बदलल्यावर सत्तावन्न भरला. भाऊने वाकून बघितलं आणि वहीत अठ्ठावन्न लिहिलं. एका किलोसाठी कशाला खाडाखोड, असं पुटपुटला.

पुढच्या महिन्यात पंचावन्न. नियम असा होता की वजन तीन किलोने उतरलं तर डॉक्टरांना बोलवायचं आणि घरच्यांना कळवायचं. भाऊने मला पायाने हलवलं. राजेला उतरवून पुन्हा चढवलं. पंचावन्न.

"काटा हललाय," तो म्हणाला आणि अठ्ठावन्न लिहिलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात त्रेपन्न. आता खरं लिहायचं तर मागचं खोटं निघणार. भाऊ मॅडमना घेऊन आला. मॅडम म्हणजे घराच्या व्यवस्थापक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राजेकडे बघितलं नाही.

"जुना झालाय. बिघडला असेल. नवीन मागवू. तोवर मागचाच आकडा चालू दे."

माझी रवानगी बोळाच्या टोकाला, जिन्याखाली झाली; टेबल तिथूनही दिसायचं. वर बादली ठेवली, बादलीत फरशी पुसायचं फडकं. नवीन काटा आला नाही. वहीत आकडे मात्र येत राहिले.

मग एक नवीन बाई कामाला लागली. पन्नाशीची, कमी बोलणारी. सगळे तिला मावशी म्हणू लागले. मला तिचा पहिल्या दिवसापासून संशय. ताट उचललं की उरलेलं जेवण ती एका डब्यात भरायची, डबा पिशवीत घालायची आणि चौघांबरोबर गाडीत बसायची. म्हटलं, घ्या, ही तर घरी नेते.

चार दिवसांनी भाऊ राजेचा शर्ट धुवायला टाकताना थांबला.

"कामाच्या जागी याच्या शर्टावर जेवण कुठून सांडलं?"

"डब्यातून," मावशी म्हणाली. "तिथे घाई नसते. बसून खातो."

"मावशी, त्याच्यापुढे असं बसून राहू नका. सवय लागेल त्याला."

"कसली? जेवायची?"

भाऊ हसला. नंतर मॅडमच्या खोलीत गेला.

एका सकाळी मावशीने बादली काढून मला बाहेर ओढलं. पुसलं. राजेला उभं केलं आणि तबकडीपर्यंत वाकली. एकावन्न. तिने स्वयंपाकघरातून पिठाच्या पाच-पाच किलोच्या दोन बंद पिशव्या आणल्या आणि माझ्यावर ठेवल्या. सुई दहावर. एक उचलली. सुई पाचवर. त्या तपासनिसानंतर माझी परीक्षा घेणारं हे पहिलंच माणूस. मी तिच्याबद्दल जे समजलो होतो ते परत घेतो. असं मी कुणाला सहसा म्हणत नाही.

तिने वहीत ठळक एकावन्न लिहिलं. रोज न्याहारीनंतर ती राजेला माझ्यावर उभं करू लागली. त्यालाही ते आवडलं. नंतर तो स्वतःच बादली बाजूला करायचा आणि उभा राहायचा. वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. एक डबा तरी पोटात जात होता.

तीन आठवड्यांनी मावशीची याच संस्थेच्या दुसऱ्या घरात बदली झाली. तिकडे माणूस कमी आहे, असं मॅडम म्हणाल्या. वहीचं ते पानही बदललं. नव्या पानावर अठ्ठावन्न.

त्यानंतर चारच दिवसांनी अक्का आली. राजेला जवळ घेतलं आणि हात त्याच्या पाठीवरच थांबला.

"हाडं लागतात हाताला. मॅडम, हा बारीक झालाय."

"वय होतं हो, अक्का. अंगाने झडतात माणसं. वजन तर जसंच्या तसं आहे. ही वही बघा."

अक्काने वही बघितली. सात महिने, अठ्ठावन्न. ती वही बंद करणार होती. मी जिन्याखालून बघत होतो. हीपण फसणार, मी म्हटलं.

तेवढ्यात राजे उठला. न्याहारी झाली होती, त्याच्या हिशेबाने आता वजन करायचं होतं. तो जिन्याखाली आला, बादली बाजूला केली आणि माझ्यावर उभा राहिला. अक्का मागोमाग आली. वाकली. पदर सावरून पुन्हा वाकली.

"एकावन्न."

"तो काटा बिघडलाय," मॅडम म्हणाल्या. "कधीचा बिघडलाय. म्हणून तर जिन्याखाली ठेवलाय."

"दुसरा आहे?"

"मागवलाय."

"मग हे अठ्ठावन्न कशावर भरलं?"

भाऊ हातातल्या फडक्याची घडी करू लागला. घडी झाल्यावर पुन्हा उलगडून घडी करू लागला.

अक्का त्या दिवशी जेवणापर्यंत थांबली. राजेसमोर खुर्ची घेऊन बसली. दीड वाजला, भाऊ टेबलाशी आला, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "झालं ना, राजे?"

"झालं," राजे म्हणाला.

अक्काने ताटावर हात आडवा धरला. ताट तसंच राहिलं. राजेने तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि पुढचा घास घेतला. मग त्याच्या पुढचा. बाहेर गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. बाकीचे तिघे गेले. दोनला पाच कमी असताना ताट रिकामं झालं.

"मीसुद्धा फोनवर हेच विचारत होते," अक्का म्हणाली. ती भाऊला बोलली की स्वतःला, कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत डॉक्टर येऊन गेले. ती वही अक्का घेऊन गेली. मॅडम द्यायला तयार नव्हत्या. तिने ती पिशवीत घातली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

आता मी राजेच्या खोलीत असतो, खिडकीखाली; दार उघडं असलं की टेबल दिसतं. जेवण साडेबाराला सुरू होतं. एवढंच करायचं होतं. सात महिने कुणाला सुचलं नाही. मॅडम अजून इथेच आहेत. भाऊ आहे, आता ताट उचलण्याआधी ताटात बघतो. अक्का समोर असली की जास्त बघतो, हेही मी पाहिलंय. मावशी परत आली नाही. राजेकडून डब्याचं कळल्यावर अक्काने तिला बोलवायला सांगितलं, मॅडम 'बघू' म्हणाल्या. या 'बघू'चं वजन मला करता येत नाही.

अक्का आता दर पंधरा दिवसांनी येते. स्वतः वाकते, स्वतः आकडा वाचते, स्वतःच्या वहीत लिहिते. मागच्या वेळी साडेत्रेपन्न होतं.

तुमचं कुणी अशा घरात असेल तर पाटी वाचून परत फिरू नका. 'झालं ना?' असं विचारू नका. जेवायच्या वेळी जा, शेजारी बसा, ताटात बघा.

माझ्याबद्दल एकच सांगणं आहे. माझी स्प्रिंग थकत चालली आहे, ते मला कळतं. माझ्या तबकडीवर राजेचे अठ्ठावन्न दिसले की मला खुशाल भंगारात घाला, मी तक्रार करणार नाही. अजून साडेचार किलो बाकी आहेत. तोवर मला कुणी हलवायचं नाही.