ढगाआडचा समुद्र

समुद्रापासून शेकडो मैल लांबच्या देऊळघाटात समुद्राचं कौतुक व्हावं, हे जरा अजबच. पण निवृत्त कोतवाल देवानंद यांच्या मुलाने, धम्मदीपने, उपग्रहांच्या आकड्यांवरून अरबी समुद्राचं वीस वर्षांचं गणित मांडलं. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ घटतंय, पाठोपाठ मासळीही घटणार, असा त्याचा निष्कर्ष. लेख परदेशात छापून आला आणि गावाने विहारात सत्कार ठरवला.

त्या सकाळी चहा पिताना बापाने सहज विचारलं, "काय रे, पावसाळ्यात आभाळ झाकलेलं रायते. मंग वरून समुद्र दिसते कसा?"

"दिसते," धम्मदीप म्हणाला आणि अर्धा चहा टाकून उठला.

दिसत नव्हताच. उपग्रहाच्या नोंदींत दरवर्षीचे ढगाळ महिने कोरे होते. ते त्याने आजूबाजूच्या महिन्यांवरून अंदाजाने भरले. तसं सगळेच भरतात, पण भरलं म्हणून सांगतात. या पठ्ठ्याने बेधडक 'अखंड नोंदी' लिहून दिलं. ते महिने वगळले तर घट खरी की खोटी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. वर्षभर त्याने ही गोष्ट पचवली होती. बापाच्या तोंडावर खोटं बोलला, तेव्हा मात्र त्याला स्वतःचीच किळस आली.

विहारात देवानंदांनी माइक हातात घेतला. काखेत जुनी वही होती.

"तीस वर्षं रोज सकाळी मी गावचा पाऊस मोजला. एकच दिवस चुकला, हा जलमला त्या दिवशी. मी लिहिलं, 'मोजला नाही'. सायबानं मेमो देल्ला. म्हने, शेजारच्या गावाचा आकडा टाकाचा ना बे! मी नाही टाकला. पन माह्या पोराले पाहा, त्याले ढगाआडचंही दिसते!"

टाळ्या वाजल्या. जनकाबाई, त्याची आई, पदराने डोळे पुसत होती. धम्मदीपला मान वर करवेना. गळ्यातला हार त्याने काढला, बापाच्या हातून माइक घेतला.

"नाही दिसत, बाबा. मी अंदाजानं भरलं. आन् सांगतलं नाही कोनाले."

आईचा पदर डोळ्यांपाशीच राहिला. देवानंदांनी खिशातलं पेन काढून पोरापुढे धरलं.

"मंग तसं लिहून दे त्या छापनाऱ्याइले. मेमो भेटंल. मले भेटला होता."