सोडून दिलेलं नववं प्रकरण

मी एक जुनं पुस्तक आहे. किती जुनं म्हणाल, तर माझ्या कण्याला तीन ठिकाणी चिकटपट्टी लागली आहे आणि मुखपृष्ठावरचं दातेरी चाक निम्मं पुसून गेलं आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्यांसाठी माझा जन्म झाला. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, थिअरी ऑफ मशीन्स, असे परीक्षेचे सगळे मुख्य विषय माझ्या पोटात आहेत.

एका निवृत्त प्राध्यापकांनी मला सात वर्षं खपून लिहिलं. बांधणी करणारा कारागीर मला हातात तोलून म्हणाला होता, "वाचून डोक्यात नाही शिरलं, तर डोक्यात घालायला तरी उपयोगी पडेल!" माझ्या पहिल्या मालकाने मला महिनाभर वाचलं आणि पुढची दोन वर्षं टेबलफॅनखाली ठेवलं. मग मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो. तिथे एके दिवशी एक माणूस आला. मला उचलण्याआधी त्याने दोन्ही हात पँटला पुसले. एवढा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता.

तो माणूस कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. बावीस वर्षं त्याने वाफ तयार केली होती. त्याच्या मुलीने पदविका पुरी केली होती आणि पदवीला थेट प्रवेश मिळावा म्हणून ती परीक्षेची तयारी करत होती. मला तिच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "बघ, हेच हवं होतं ना? दुकानदार म्हणाला, यात नाही असं काही नाही."

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं असतील असं मला वाटलं होतं. चारच महिने निघाले.

मुलगी क्लासला जायची. क्लासचे सर वाईट नव्हते. मुलांसाठी जीव तोडून शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर विषयांची यादी लिहिली आणि प्रत्येकापुढे गुण मांडले. "सगळं वाचायला बसाल तर काहीच धड होणार नाही," ते म्हणाले. "हीट ट्रान्सफरवर दोन-तीनच प्रश्न येतात आणि सूत्रं डोकं खातात. तो सोडा." हीट ट्रान्सफर म्हणजे उष्णता एका जागेहून दुसरीकडे कशी जाते त्याचा विषय. माझं नववं प्रकरण. मुलीने घरी येऊन त्या पानांना लाल क्लिप लावून टाकली, म्हणजे चुकूनही ती उघडायला नकोत.

सुटीच्या दिवशी ती मला आणि बापाचा डबा घेऊन बॉयलरघरात जायची आणि काचेच्या छोट्या खोलीत बसून अभ्यास करायची. बाहेर भट्टी घुमत असायची. बाप दर तासाला आकडे टिपायचा आणि जाता-येता काचेतून तिच्याकडे बघायचा. कामातल्या जोडीदाराला म्हणायचा, "आमच्याकडे अभ्यास चालू आहे, जरा हळू बोल." बॉयलरच्या त्या आवाजात हळू बोललेलं कुणाला ऐकू येणार? पण जोडीदार खरोखरच आवाज उतरवायचा.

अशाच एका दुपारी बाप आत आला आणि दाराशीच घुटमळला.

"अगं, एक विचारू का?"

"विचारा ना, बाबा."

"धुराड्याचं तापमान एरवी दोनशे दहाच्या आसपास असतं. महिनाभर चढतंच आहे. आज दोनशे ऐंशी. वाफ तेवढीच निघते, पण बॉयलर तेल जास्त पितोय. मग उष्णता जाते कुठे?"

मुलीने बोट पानावर तसंच ठेवून वर पाहिलं. "हे हीट ट्रान्सफरमध्ये येतं, बाबा. तो विषय मी सोडलाय. असं करा, शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. परीक्षा झाली की बघते."

त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या शेवटच्या पानावर तारखा घालून चार आकडे लिहिले. खाली एक ओळ लिहिली: साहेबांना दोनदा सांगितलं. "घाई नाही," तो म्हणाला. "तू आधी तुझं उरक."

मित्रांनो, उत्तर तिच्या बोटापासून वीतभर अंतरावर होतं. पाण्यातले क्षार बॉयलरच्या नळीवर साचले, की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. ती धुराड्यातून निघून जाते आणि नळीचं पोलाद तापून मऊ पडतं. मिलिमीटरभर थर दोन-तीन बोटं जाड पोलादाइतका आडवा येतो. हे सगळं माझ्या पोटात सोडवलेल्या उदाहरणासकट होतं. पण माझी पानं आपोआप उलटत नाहीत.

कारखान्यातलं, पाण्यातले क्षार काढून टाकायचं यंत्र कित्येक महिने बंद होतं. साहेब म्हणत होते, काम तुंबलंय, पुढच्या महिन्यात बॉयलर थंड करून साफ करू.

त्यानंतर अठराव्या दिवशी क्लासमध्ये सराव चाचणी चालू होती. दारात बापाचा जोडीदार येऊन उभा राहिला. अंगभर काजळी, एका पायात चप्पल नाही.

"ताई, चल."

"काय झालं, काका?"

"चल आधी."

भट्टीची नळी फुगून फाटली होती. उकळतं पाणी आणि वाफ भट्टीच्या तोंडातून बाहेर आली, आणि त्या तोंडासमोर बाप उभा होता.

तो तीन दिवस जगला. मी मुलीच्या पिशवीत, दवाखान्यातल्या खाटेखाली होतो. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "चाचणी कशी गेली?"

"चांगली गेली, बाबा," ती म्हणाली. चाचणीचा कागद तिने अर्धा कोराच टाकला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

घरी आल्यावर आठ दिवस तिने मला हात लावला नाही. मग सरकारी तपासनीस आले. त्यांनी कापलेल्या नळीचा तुकडा दाखवला. आतून नाण्याएवढा जाड पांढरा थर होता. त्या संध्याकाळी तिने माझी क्लिप काढली आणि नववं प्रकरण उघडलं. तिसऱ्याच पानावर ते उदाहरण होतं. तिने ते वाचलं, शेवटच्या पानावरचे आकडे पाहिले, परत वाचलं.

"आई, मला सांगता आलं असतं. पंधरा मिनिटांचं वाचन होतं गं."

आई नवऱ्याचे कपडे घडी करून ठेवत होती. "तू सांगितलं असतंस म्हणून त्यांनी बॉयलर बंद केला असता का?"

"बाबा तरी समोर उभे राहिले नसते."

आईने शर्टाची घडी मोडली. मग ती पुन्हा घातली.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, बॉयलरवाल्याने पाणी कमी होऊ दिलं, आमच्यापर्यंत कसलीच तक्रार आली नव्हती. कारखान्यातली आकड्यांची वही गरम पाण्यात लगदा झाली होती. आता तो माणूस मेला होता, आणि वर दोषीही तोच ठरत होता. तेव्हा मुलगी उठली आणि तिने मला तपासनिसांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं. मग जोडीदारही उभा राहिला. "त्याने तक्रार केली तेव्हा दोन्ही वेळा मी शेजारीच होतो, साहेब," तो तपासनिसांना म्हणाला. नोकरी जाईल हे ठाऊक असून म्हणाला, आणि ती गेलीही.

माझं शेवटचं पान पात्याने कापून फाइलला लावलं. बापावरचा ठपका पुसला गेला. मुलीला एवढंच मिळालं.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी बसली, प्रवेशाच्या यादीत नाव आलं. नववं प्रकरण तिला तोंडपाठ होतं, पण त्यावर कुणी शाबासकी दिली की ती खाली बघायची. गाव सोडण्याआधी ती क्लासमध्ये आली आणि मला सरांच्या हातात देऊन म्हणाली, "सर, यादीतून तो विषय काढत जाऊ नका."

सरांनी नववं प्रकरण उघडून पाहिलं. "मुलं गुणांसाठी येतात गं माझ्याकडे," ते शेवटी म्हणाले. मला त्यांनी दोन्ही हातांनी फडताळात ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीच यादी होती.

आता मी क्लासच्या फडताळात असतो. परवा दोन मैत्रिणींनी मला काढलं. "हे प्रकरण बघ किती मळलंय! यावर हमखास प्रश्न येत असणार," एक म्हणाली आणि दोघी ते वाचायला बसल्या. मी काय बोलणार?

मित्रांनो, मला कव्हर घाला, माझा कणा जपा, हे सगळी पुस्तकं सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. दिवसभर काम करणारं तुमच्या घरातलं कुणी दाराशी घुटमळून तुम्हाला काही विचारेल, तर त्याला परीक्षेनंतरचा वायदा देऊ नका. त्याला बसायला जागा करा, आणि त्याच्या देखत मला उघडा.