शब्द असलेलं गाणं

पातं थंड होतं, मधल्या फटीत तपकिरी चीजचा पातळ काप वळून अडकला होता, आणि गुनवोर ती वस्तू हातात धरून उभी होती. हिला... हिला काय म्हणतात? रोज सकाळी हातात येणारी, चीज तासायची ती – ती. शब्द कालपर्यंत होता. त्याची जागा अजून जाणवत होती, दात पडल्यावर जिभेला जाणवत राहते तशी. पण तिथं काही नव्हतं. तिनं पावाचे तुकडे तसेच कोरडे डब्यात भरले, लोकरी टोपी कानांवर ओढली आणि घाईघाईनं बाहेर पडली, जणू स्वयंपाकघरात कुणीतरी उभं होतं आणि त्याच्याशी बोलणं टाळायचं होतं.

ट्राममध्ये खिडकीपलीकडे ट्रॉन्डहाइम नेहमीसारखंच करडं होतं, नदीच्या कडेला बर्फ काळा पडला होता. गुनवोरनं मनातल्या मनात वस्तूंची नावं घेऊन पाहिली. पूल. कठडा. चर्चचा मनोरा. आली सगळी. मग ती थांबली, कारण पुढचं एखादं आलं नसतं तर...

शब्दांना तिनं स्वतःच हाकलून दिलं होतं, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. तरुणपणी ती ओस्लोच्या एका तळघरात अमेरिकन प्रेमगीतं गायची, आणि एका संध्याकाळी गाता गाता ‘प्रेम’ हा शब्द तिला तोंडात चघळून चोथा झाल्यासारखा लागला. तिनं तो सोडून दिला आणि नुसता श्वास गायली, होडीच्या नांगराच्या साखळीची करकर गायली, ती वाढली त्या बेटावरचे समुद्रपक्षी गायली. निम्मे लोक उठून गेले. मागं उभा असलेला तोर्शेल मात्र आपलं खर्जाचं तंतुवाद्य, बास, वाजवत राहिला, आणि तेव्हापासून तो मागंच उभा आहे. मग रेकॉर्डी, पुरस्कार, बर्लिन; ‘गळ्यात समुद्र असलेली बाई’ असं कुण्या वर्तमानपत्रानं लिहिलं तेव्हा तोर्शेल म्हणाला होता, म्हणूनच तुला सारखी सर्दी असते.

या वेळी ट्रॉन्डहाइमच्या संगीत महोत्सवानं तिच्याकडून नवी रचना मागितली, तेव्हा ती म्हणाली, एक गाणं शब्दांचं असेल. बेटावरच्या बोलीत, तिनंच लिहिलेल्या चारच ओळी: धक्क्यावर उभी राहून आई होडीला हाक मारते आहे. सगळ्यांना नवल वाटलं. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षांत आई सगळ्याच वस्तूंना ‘ते’ म्हणायची. ते दे. ते आलं का? घरच्यांना वाटलं, म्हातारी रुसली आहे. बाबा तर हसायचे, आता हीपण गुनवोरसारखी गाणार म्हणून. गुनवोर तेव्हा बर्लिनमध्ये होती. तिला फोनवर नुसता आईचा श्वास ऐकू यायचा...

तालमीला सभागृह गार होतं. महोत्सव चालवणारी तरुण इडुन शेवटच्या रांगेत पाय दुमडून बसली होती. तोर्शेलनं बासवर दोन स्वर धरले. पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरी तर इतकी सहज आली की गुनवोरला हायसं वाटलं – आणि चौथीच्या तोंडाशी पाऊल ठेवायला जमीनच नव्हती. तोर्शेलनं एक आवर्तन जास्त घेतलं. आणखी एक. मग तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, खालून, ओला, तिनं कधीच न काढलेला. तिनं तो निवडला नव्हता. इतक्या वर्षांत प्रत्येक किंकाळी, प्रत्येक घरघर तिनं निवडून घेतली होती; हा आपला आपण आला आणि जागेवर जाऊन बसला.

इडुन पुढे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “असंच ठेव, गुनवोर. शब्द सुरू होतात आणि मग गळून जातात... तुझं आजवरचं सगळं काम या एका जागेत आहे.”

गुनवोरनं मान हलवली. मान हलवायला शब्द लागत नाहीत.

दुपारी विंगेतल्या पायऱ्यांवर ती आणि तोर्शेल डबे उघडून बसले.

“ओळ तू सोडलीस,” त्यानं विचारलं, “की ती आली नाही?”

“तुझा कान म्हातारा झालाय. ती दे जरा.”

“काय?”

“ती रे...” तिनं बोट दाखवलं.

त्यानं थर्मास उचलला, पण दिला नाही, मांडीवर धरून ठेवला. “कॉफी,” तो हळूच म्हणाला. “परवा तू मला माझ्या भावाच्या नावानं हाक मारलीस. मी गप्प बसलो.”

“मग आताही बस.”

त्यानं कॉफी ओतली. तिचा पेला भरून झाल्यावर, तिच्याकडे न बघता म्हणाला, “उद्या कार्यक्रमात चौथी ओळ मी मागून म्हणू का? हळू. तुझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही.”

“तुला पाठ आहे?”

“इतके दिवस ऐकतोय. होणारच.”

“म्हण बघू.”

त्यानं घसा साफ केला, आणि गाणं न येणारा माणूस म्हणतो तशी, सपाट म्हटली: “आज दिवा नाही लावला, माझ्या आवाजावर ये.”

ओळ सुंदर होती. गुनवोरनं ती नीट ऐकून घेतली, कॉफीचा घोट घेतला, आणि “छान आहे,” म्हणाली – आणि तोर्शेलचा चेहरा पाहून तिला कळलं, की दुसऱ्या कुणाच्या लिहिण्याला म्हणावं तसं आपण ते म्हणालो. कुणी लिहिलीय, हे विचारायचं तेवढं राहिलं होतं.

इडुननं टाळी वाजवून बोलावलं. गुनवोर उठली, उजेडात जाऊन उभी राहिली, डोळे मिटले. बास अजून सुरू झाला नव्हता. पण तिच्या आत तो मघाचा आवाज केव्हाच लागला होता, खालून, ओला, कुणी न सांगता चढत होता, वळत होता. गुनवोर बिचकत, परक्या घराच्या दाराशी उभं राहावं तशी ऐकत राहिली. आयुष्यभराच्या सवयीनं तिनं त्यात चूक शोधली. चूक कुठंच नव्हती. ती नसतानाही ते नीट चाललं होतं.