गुरुवारचा तांब्या

नळकाम करणाऱ्या भंवरने अंगणातल्या खड्ड्यात गज पुन्हा खुपसला, ओढला, आणि फुटक्या पाइपातून मुळांचा पुंजका बाहेर आला. ओला, तपकिरी, विंचरून काढलेल्या केसांसारखा. विभाने पदर नाकाला लावला. आत गेली. परत आली.

"गूलर की जड़ है, भाभीजी. पाइप कब का फटा पड़ा है. सारा मैला यहीं मिट्टी में जा रहा था. अब या तो पेड़ काटो, या पाइप घुमा के ले जाओ."

त्याने बोट दाखवलं ते औदुंबराच्या बुंध्याशी. तिथे सकाळची उदबत्ती अजून जळत होती.

नरसोबाच्या वाडीहून आणलेलं रोप. जयपूरच्या उन्हात, गुरुवारच्या एका तांब्यावर गच्चीच्याही वर गेलेलं. राजा पार्कातली मराठी मंडळी हात जोडायची. म्हणायची, कृपा.

"एका तांब्यावर!" पायरीवर चहा पीत दिनकर हसला. "आपण सगळेच रोज हातभार लावत होतो म्हणायचं."

"अहो, गप्प बसा."

फाटक वाजलं?

नाही.

विभाने रमाच्या घरी फोन लावला. शेजारणीने उचलला, रमा निघाली होती. दर गुरुवारी ती यायची, प्रदक्षिणा घालायची, बुंध्याजवळची चिमूटभर माती पुडीत बांधून न्यायची. नवऱ्यासाठी, विनयरावांसाठी. ऑपरेशनपासून ते अंथरुणावर होते. पाण्यातून माती दे, असं विभानेच सांगितलं होतं. मध्ये त्यांना जुलाब लागले, तेव्हा...

चिमूट वाढव, म्हणाली होती.

"काय सांगू तिला?"

"काही सांगू नकोस," दिनकर म्हणाला. मग कप खाली ठेवला. "नाही. सांगायलाच हवं."

आता फाटक वाजलं. चपला काढता काढता रमा थांबली. खड्डा. वास. भंवरच्या हातातली मुळं.

"रमा, ती माती विनयरावांना देऊ नकोस. त्यात मैला पाझरत होता. जुलाब झाले तेव्हासुद्धा मीच तुला..."

रमा खड्ड्यात बघत राहिली.

"त्यांना नाही दिली कधी."

"म्हणजे?"

"दारातल्या कुंडीत टाकते. या बघायला एकदा, विभाताई. तुळस काय फोफावलीय!"

दिनकर कप घेऊन आत गेला.

"मग दर गुरुवारी, एवढ्या उन्हातून..."

"देवाला जाते म्हटलं की शेजारीण तासभर बसते त्यांच्यापाशी. तेवढंच बाहेर पडणं," रमा म्हणाली. तिने पदर खोचला आणि चालायला लागली. झाडाभोवती. खड्डा आला तिथे लांब पाऊल टाकून.

"तो काट दूँ, भाभीजी?"

रमा बुंध्याआड गेली होती. ती पुन्हा दिसेपर्यंत विभा थांबली.

"पाइप घुमा दो," ती भंवरला म्हणाली. "उधर से."

आणि कुठून, ते दाखवायला रमाच्या मागोमाग निघाली.