दारापुढची नाली

भावना पुरात टिकतील अशी घरं आखायची. गुरुग्रामपासून गाझियाबादपर्यंत लोक तिचा सल्ला घेत. तिच्या स्वतःच्या आईवडिलांच्या नोएडातल्या घरात मात्र दर पावसाळ्यात पाणी शिरे, आणि त्यावरून गल्ली तिलाच टोमणे मारी.

दर दुरुस्तीत रस्त्यावर डांबराचा नवा थर चढे आणि घरं रस्त्याच्या खाली जात. ज्याला परवडे तो घर पाडून उंच जोत्यावर बांधे. त्याच्या वाट्याचं पाणी शेजाऱ्याकडे. त्यात गाड्या आत घ्यायला प्रत्येकानं दारापुढच्या नालीत काँक्रीट ओतलेलं. रहिवाशांच्या बैठकीत भावनानं नकाशे पसरून हे कितीदा समजावलं. सगळे माना डोलवत. फक्त आधी दुसऱ्यानं फोडावं, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं.

या जुलैतही तेच. आईचा, कमलाबाईंचा, पलंग विटांवर चढवताना भावनाचं डोकं फिरलं.

"बाबा, बस झालं. आपणही उंच जोत्यावर बांधू. मी ड्रॉइंग काढते."

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले दादाराव ओली सतरंजी पिळत होते. "काढ. आपलं पाणी कुणाच्या घरात सोडायचं, तेही त्यात दाखव."

तिला वडिलांचा राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं याचा जास्त.

आठवडाभरात तिनं मजूर लावून आपल्या दारापुढचं काँक्रीट फोडलं, नाली उपसली, वर जाळी बसवली. पुढच्या पावसात पाणी अंगणातून झरझर निघालं, शेजारच्या हरीश त्यागींच्या बुजवलेल्या नालीवर थडकलं आणि थेट त्यांच्या नव्या कोऱ्या घराच्या तळघरात उतरलं.

हरीशजी तावातावानं आले. दादाराव माफी मागून बादली घेऊन मदतीला निघाले, तेव्हा भावनाचा संयम सुटला.

"अंकल, पानी हमने नहीं भेजा. आपने रोका है."

ते पाय आपटत परतले. पण सोफे तळघरात तरंगत होते. ऊन पडताच त्यांनीही घण लावला.

पुढच्या बैठकीत हरीशजी उठून उभे राहिले आणि नाली मोकळी ठेवण्याचं महत्त्व सगळ्यांना सुनावू लागले, जणू कल्पना त्यांचीच. लोक लक्ष देऊन ऐकत होते. दोघांनी तिथेच होकार दिला. तिचे नकाशे तिच्या मांडीवर तसेच गुंडाळलेले होते. भावनानं कपाळाला हात लावला.