विजेचं पाणी

“गंज दोनदा विसळ वं, राख राहून जाते,” असं सासूबाई, पार्वतीबाई म्हणाल्या, ते प्रेमिलानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. राखेनं घासलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारख्या मोठ्या गंजात एकदाच पाणी फिरवलं आणि तो अंगणात पावसासाठी ठेवून दिला. तिचा सगळा जीव पाळण्यात होता. पाच महिन्यांच्या यशोधरेची मान, पाठ, काखा घामोळ्यांनी लालबुंद झाल्या होत्या. नागपूरचा मे महिना. चार दिवस पोर धड झोपली नव्हती.

आज दुपारी मात्र आभाळ भरून आलं आणि इंदोरा वस्तीवर विजा अशा कडाडल्या की शेजारणीनं वाळवणासकट खाट घरात ओढली. सर ओसरली तशा पार्वतीबाई भरलेला गंज आत घेऊन आल्या आणि त्यांनी पदर खोचला.

“आण लेकराले. विजेचं पाणी आहे, घामोळ्या बसते यानं.”

“थांबा आई.” प्रेमिला पाळण्यापुढे आडवी उभी राहिली. “वीज चमकली की हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड होतात. ते पावसात विरघळले की नायट्रिक ॲसिड. तेजाब! ते हिच्या अंगावर घालायचं?”

“तेजाब? मंग आमची वांग्याची रोपं काहून नाही जळली वं? कडकडाट झाला का तरारून उठत होती.”

“त्यांना त्यातूनच नत्र मिळतं.”

“म्हणजे वांग्याले खुराक अन् नातीले तेजाब! धन्य तुझी बी.एस्सी.”

प्रेमिला हसली नाही. लग्नातल्या पेटीच्या तळातून तिनं कॉलेजचं जर्नल काढलं. त्यात लिटमसच्या पट्ट्या अजून जपलेल्या होत्या. निळी लाल झाली की ॲसिड, असं सासूला बजावून तिनं एक पट्टी गंजात बुडवली.

पट्टी निळीच राहिली. उगाच म्हणून तिनं लाल पट्टी बुडवली, तर ती हळूहळू निळी झाली.

“हे तर उलटंच आहे! ॲसिड नाही, हा तर क्षार!”

पार्वतीबाईंनी गंजाच्या काठाखालून बोट फिरवलं आणि सुनेच्या नाकासमोर धरलं. बोट करडं झालं होतं.

“राख. दोनदा विसळ म्हटलं होतं ना?”

दुसरी सर आली, तेव्हा प्रेमिलानं गंज तीनदा विसळून बाहेर ठेवला. या खेपेला दोन्ही पट्ट्या होत्या तशाच राहिल्या. ती त्यांच्याकडे बघत बसली. परीक्षेत ‘वीज, मग ॲसिड’ असंच उत्तर लिहून तिनं पाचापैकी पाच मार्क मिळवले होते. ‘ॲसिड, पण किती?’ हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. रोपांना पुरे आणि पट्टीला पत्ताही लागू नये, इतकंच.

“तरी पण, आई…”

पार्वतीबाईंनी तांब्या बुडवला, पाठमोऱ्या झाल्या, मान वाकवून पाणी स्वतःच्याच मानेवर ओतलं. आणि प्रेमिलाला दिसलं. मानेपासून पोलक्याच्या आत कुठवर तरी नुसत्या घामोळ्या. उजव्या खांद्यावर तर खाजवून खाजवून साल निघाली होती. दिवसभर त्याच खांद्यावर यशोधरेचं डोकं असे.

“आई, हे कधीपासून?”

“मंग काय, मीही पाळण्यात पडून रडू?”

प्रेमिलाला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. तिनं स्वतःच लेकीचं झबलं काढलं.

अंघोळ झाली. पाणी अंगावर पडताच पोर आधी दचकली, मग पाय आपटून सगळ्यांना भिजवू लागली, आणि दहा मिनिटांत आईच्या हातावर गाढ झोपली. चार दिवसांतली पहिली धड झोप.

“आता माझी पाळी,” म्हणून पार्वतीबाई तांब्या घेऊन अंगणात गेल्या. तिसरी सर सुरू झाली होती. वीज चमकली. प्रेमिलानं सवयीनं आकडे मोजले. मघाशी गडगडाट व्हायला नऊ लागत होते, आता पाचच लागले; वीज जवळ आली होती.

“आई, आत या!” ती कुजबुजली.

बाहेरून पाण्याचा सपसप आवाज आला, आणि शेजारणीला मारलेली हाक: “ये वं, तूही ये!”

हात हलवला तर यशोधरा उठणार. प्रेमिलानं इकडेतिकडे पाहिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं; हे वाचणारे तुम्हीच होता. तिनं डोळ्यांनीच अंगणाच्या दाराकडे खूण केली.

जरा बघता का हो त्यांच्याकडे? हात धरून आत आणा. नाही म्हणतील, तरी आणा. आणि त्या उजव्या खांद्याला धरू नका.